महापालिका निवडणुकीसाठी घेतलेली डिजिटल प्रचारसेवा : यादीचे अ‍ॅप घ्यावे, घाऊक संदेश घेऊ नयेत

जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या नाशिक महापालिकेच्या निवडणुकीत सिडको भागातील एका अपक्ष उमेदवार ताईंच्या प्रचाराचे कार्यालयीन काम मी पाहत होतो. ताई व्यवसायाने शिक्षिका. पाठीशी पक्ष नाही, सभा-मिरवणुकांसाठी पैसा नाही, आणि कार्यकर्ते म्हणजे गल्लीतील वीस-बावीस माणसे, त्यांपैकी निम्मी अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी. अशा वेळी गंगापूर रस्त्यावरील एका संस्थेकडून आम्ही डिजिटल प्रचाराचे पॅकेज घेतले. त्यात मतदार यादीचे अ‍ॅप, फेसबुक व इन्स्टाग्रामची हाताळणी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील घाऊक संदेश अशा तीन गोष्टी होत्या. पुढच्या निवडणुकीत किंवा एखाद्या नागरी प्रश्नाच्या मोहिमेत अशी सेवा घेऊ पाहणाऱ्यांना या तिन्हींचा आमचा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून तो सविस्तर मांडत आहे.

आमची निकड समजण्यासाठी वेळापत्रक ध्यानात घ्यावे लागेल. फेब्रुवारी २०१७ नंतर महापालिकेची निवडणूकच झालेली नव्हती आणि मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकांकडे होता. ३१ प्रभागांतून १२२ नगरसेवक निवडायचे होते. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, म्हणजे एका मतदाराने चार जागांसाठी चार मते द्यायची. अपक्षांना चिन्ह मिळाले ३ जानेवारीला, प्रचार थांबणार १३ तारखेला संध्याकाळी आणि मतदान १५ तारखेला. एवढ्या मोठ्या प्रभागात एक नवे चिन्ह दहा दिवसांत घरोघरी पोहोचवणे नुसत्या पत्रकांनी होणारे काम नव्हते.

या सेवेतील खरी मोलाची वस्तू म्हणजे यादीचे अ‍ॅप. राज्य निवडणूक आयोगाने या निवडणुकीसाठी विधानसभेची १ जुलै २०२५ ची यादी घेऊन तिची प्रभागनिहाय फोड केली होती. त्यामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेला मतदान करताना लोकांनी जपून ठेवलेला यादी भाग आणि अनुक्रमांक या वेळी बदलला होता आणि अनेकांचे केंद्रही बदलले होते. पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक परिसरात आम्ही फिरत असताना लोक सर्वांत आधी हेच विचारत, "माझं नाव कुठल्या शाळेत आलंय?" कार्यकर्त्याने मोबाइलवर नाव शोधावे, केंद्र व खोली सांगावी आणि कमरेला लावलेल्या छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवरून चिठ्ठी काढून हातात द्यावी, एवढ्या एका कामाने जे दार अर्धवट उघडलेले असे ते पूर्ण उघडत असे. एकदा यादी उतरवून घेतली की अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालते, हा आणखी एक मोठा गुण. संध्याकाळी पाळी संपवून आलेला मुलगा स्वतःच्या साध्या मोबाइलवर तीन तास न अडखळता काम करू शकत होता.

उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत, मात्र त्यांचे मूळ सर्वस्वी या संस्थेत नाही. मतदार याद्या प्रतिमेच्या स्वरूपातील पीडीएफमध्ये प्रसिद्ध होतात. शब्द शोधता येतील अशा स्वरूपात त्या मिळाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अमान्य केली होती. त्यामुळे अशी अ‍ॅप तयार करणाऱ्या प्रत्येकाला प्रतिमेवरून अक्षरे ओळखून घ्यावी लागतात आणि जोडाक्षरे तेथे हटकून फसतात. 'ज्ञानेश्वर' तीन निरनिराळ्या रूपांत सापडला, तर 'श्रावणी' काही केल्या सापडली नाही. आम्ही लवकरच नावाऐवजी मतदार ओळखपत्राच्या क्रमांकावरून शोध घेऊ लागलो. तीन इंग्रजी अक्षरे आणि सात आकडे असलेल्या त्या क्रमांकात चूक क्वचितच निघाली. आमच्या भागात धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली कुटुंबे पुष्कळ असल्याने 'पाटील' हा शब्द टाकताच पडद्यावर नावांची रीघ लागे. 'कुटुंबनिहाय यादी' या सोयीची विक्रेत्याने फार स्तुती केली होती. ती घर क्रमांकावर चालते आणि मूळ यादीत कितीतरी नावांपुढे घर क्रमांकाच्या जागी केवळ आडवी रेघ आहे. तेव्हा त्या सोयीसाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नयेत.

दुबार नावांच्या बाबतीत अ‍ॅपने चांगली मदत केली. आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारांकित खुणा केल्या होत्या आणि अ‍ॅपमध्ये ती नावे वेगळी काढता येत होती. अशा मतदारांना आधी भेटून मतदान नेमके कोठे करणार हे ठरवून ठेवायला सांगता आले, म्हणजे केंद्रावर त्यांची ऐन वेळी अडवणूक झाली नाही.

अ‍ॅपमधील दोन गोष्टी मात्र आम्हाला मुळीच पटल्या नाहीत. चिठ्ठीवर उमेदवाराचे छायाचित्र व चिन्ह छापण्याची सोय आधीपासूनच चालू ठेवलेली होती. पक्ष वा उमेदवारांनी मतदारांना द्यायच्या ओळखचिठ्ठ्या साध्या पांढऱ्या कागदावर असाव्यात आणि त्यांवर उमेदवाराचे नाव, पक्ष किंवा चिन्ह नसावे, असे निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेत म्हटलेले आहे. ज्याच्या व्यवसायाचा पायाच निवडणूक आहे, त्याने नवख्या उमेदवाराला हे आपणहून सांगायला हवे. आम्ही ती सोय पहिल्याच दिवशी बंद केली. दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. प्रत्येक मतदारापुढे 'जात' असा रकाना होता आणि आडनावावरून अंदाज बांधून तो आधीच भरून ठेवलेला होता. ताई ते पाहून क्षणभर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "माझ्या वर्गातल्या मुलांकडे मी कधी असं पाहिलं नाही, त्यांच्या आईवडिलांकडे कसं पाहू?" आम्ही सांगितल्यानंतर संस्थेने एका दिवसात तो रकाना काढून टाकला, याची नोंद न्यायाने केली पाहिजे.

समाजमाध्यमांच्या कामाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण लिहिण्यासारखे थोडेच आहे. दररोज तीन ग्राफिक्स ठरली होती आणि ती वेळेवर येत. परंतु ३ जानेवारीला, म्हणजे चिन्ह मिळाले त्याच दिवशी, सावित्रीबाई फुले जयंतीचे जे अभिवादन ताईंच्या नावाने प्रसिद्ध झाले, तेच हुबेहूब रंग-रूपात शेजारच्या प्रभागातील दुसऱ्या उमेदवाराच्या पानावर होते, फक्त छायाचित्र निराळे. एका शिक्षिकेच्या प्रचारात त्या दिवसाला काय अर्थ होता, हे त्या कामात कोणाच्या लक्षातच आले नव्हते. पुढे १४ तारखेच्या संक्रांतीच्या शुभेच्छाही चिन्हासह तयार करून वेळ लावून ठेवल्या होत्या. प्रचार आदल्या संध्याकाळी संपलेला असताना त्या प्रसिद्ध झाल्या असत्या तर उत्तर ताईंना द्यावे लागले असते. आदल्या दिवशी सहज तपासताना माझी नजर गेली म्हणून त्या काढता आल्या.

ज्या चित्रफितीने खरोखर काम केले, ती संस्थेची नव्हतीच. आमच्यातील एका मुलीने ताईंना घराच्या ओट्यावर बसवून मोबाइलवर एका मिनिटाची फीत काढली. चार जागांसाठी चार बटणे दाबायची, एखाद्या जागेसाठी कोणीही पसंत नसेल तर 'नोटा' आहे, आणि आपली जागा कोणती हे कसे ओळखायचे, एवढेच त्यात ताईंनी शिकवण्याच्या सुरात सांगितले होते. ती फीत गल्लीगल्लीच्या गटांत आपोआप फिरली आणि दारात उभ्या राहणाऱ्या बायका "तुम्हीच ना त्या बटणांच्या मॅडम?" असे विचारू लागल्या. फेसबुकवर पैसे देऊन जाहिरात करण्याबाबत इतकेच सांगतो की राजकीय जाहिरातीसाठी ओळखीची पडताळणी आणि जाहिरातीचा खर्च कोण करत आहे याचा उल्लेख, या दोन्ही गोष्टी तेथे भारतात २०१९ पासून लागू आहेत. पडताळणीला वेळ लागतो. चिन्ह मिळण्याची वाट न पाहता ती आधीच उरकून घ्यावी.

आता घाऊक संदेशांविषयी. विक्रेता म्हणाला, "दादा, तुमच्या प्रभागातले सगळे मोबाइल नंबर आपल्याकडे आहेत, एका रात्रीत सगळ्यांना चिन्ह पोहोचवतो." आम्ही घाईत होतो, होकार दिला, आणि या निर्णयाचा मला आजही खेद आहे. मतदार यादीत मोबाइल क्रमांक नसतात. मग ते यांच्याकडे आले कोठून, हा प्रश्न मी पैसे देण्यापूर्वी विचारायला हवा होता. तो पडला दुसऱ्या दिवशी, जेव्हा एका बाईंनी दारातच ताईंना विचारले की माझा नंबर तुम्हाला दिला कोणी. आमच्याजवळ उत्तर नव्हते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील संमतीच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, परंतु त्या बाईंचा प्रश्न कायद्याच्या तारखेवर अवलंबून नव्हता.

तांत्रिक बाजूनेही ही सेवा टिकाऊ नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्यवसायांसाठीच्या अधिकृत व्यवस्थेत राजकीय पक्ष, उमेदवार आणि प्रचारमोहिमा यांना मज्जाव आहे. साध्या प्रसारण यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच संदेश जातो. याचा अर्थ 'एका रात्रीत सगळ्यांना' हे काम अनधिकृत सॉफ्टवेअर आणि भाराभर सिमकार्डे यांच्या बळावरच होते. आमच्या बाबतीत दोन क्रमांक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद पडले आणि उरलेले संदेश गेले की नाही याचा कोणताही पुरावा आम्हाला मिळाला नाही. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब सादर करायचा असल्याने मी तिन्ही कामांचे पक्के बिल मागितले. अ‍ॅपचे आणि ग्राफिक्सचे बिल लगेच मिळाले. संदेशांचे बिल मात्र "यात नका दाखवू" असे म्हणून टाळले गेले. आम्ही लेखी मागणी करून ते मिळवले आणि हिशेबात दाखवले.

ताई निवडून आल्या नाहीत. त्याचे कारण या सेवेत शोधावे असे मला वाटत नाही आणि त्या निवडून आल्या असत्या तर त्याचे श्रेयही मी या सेवेला दिले नसते. एखाद्या सोसायटीच्या पाणीप्रश्नासाठी, झाडे वाचवण्यासाठी किंवा मतदार नोंदणीसाठी काम करणाऱ्यांनी यादीचे अ‍ॅप अवश्य घ्यावे, पण ओळखपत्र क्रमांकावरून शोध चालतो की नाही हे आधी स्वतःच्या घरातील चार नावांवर तपासावे. चित्रफिती आपल्याच माणसांकडून करून घ्याव्यात. मतदानानंतर आठवड्याभराने आम्ही संस्थेला लेखी कळवले की आमच्या प्रभागाचे मोबाइल क्रमांक आणि कार्यकर्त्यांनी अ‍ॅपमध्ये मतदारांपुढे केलेल्या नोंदी पुसून टाकाव्यात आणि तसे पत्र द्यावे. अ‍ॅपमधील नोंदी पुसल्याचे पत्र आले आहे. मोबाइल क्रमांकांविषयी त्यात एक ओळही नाही, म्हणून दुसरे पत्र पाठवले आहे.