नवी म्हणून घेतलेली फळी आणि बाबांच्या खुर्चीच्या खुणा

घर नाशकात आणि गावचं घर समुद्राकाठी, अशी आपल्याकडे बरीच कुटुंबं आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. लाकडी सज्जा, डेक, झोपाळ्याची ओटी यांची दुरुस्ती कुणाला तरी द्यायची आणि आपण इथून फोनवर लक्ष ठेवायचं, असं ठरवत असाल तर आधी हे पूर्ण वाचा. माझे दोन लाख साठ हजार रुपये गेले. आमच्यामुळे एका माणसाचा पायही जायबंदी झाला, आणि मला पैशांपेक्षा त्याचं जास्त लागून राहिलं आहे.

माझे वडील नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झाले. फंडाच्या पैशातून त्यांनी २००९ साली दापोली तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी छोटं घर बांधलं. घराच्या पश्चिमेला चिऱ्याच्या खांबांवर, जमिनीपासून तीनेक फूट उंच, चौदा बाय नऊचा लाकडी सज्जा करून घेतला. हल्ली सगळे त्याला डेक म्हणतात. बाबांची आरामखुर्ची त्यावर कायम एकाच जागी असायची. बाबा गेल्यावर आम्ही वर्षातून दोनदा जायचो, गणपतीला आणि मे महिन्यात.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. कौलं उडाली, माड पडले. ते सगळं आम्ही सावरलं, पण सज्जा तसाच राहिला. फळ्या राखाडी पडल्या, काही ठिकाणी भेगा गेल्या, भिंतीकडच्या कोपऱ्यात पाय ठेवला की फळी दबायला लागली. शेवटी २०२३ च्या फेब्रुवारीत ठरवलं की पावसाच्या आत दुरुस्ती करायचीच.

माणूस नाशकातलाच निवडला. गंगापूर रोडला एका ओळखीच्यांच्या गच्चीवर त्याने केलेला डेक पाहिला होता. वर्षापूर्वी केलेलं काम, आरशासारखं चकचकीत. माझी पहिली चूक इथेच झाली. नाशिक शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, दापोलीकडे तीन हजारांच्या वर. शिवाय तिथे हवेत मीठ. ते लाकडावर आणि लोखंडावर बसतं आणि हवेतला ओलावा ओढून घेत राहतं. गंगापूर रोडला वर्षभर टिकलेलं पॉलिश दापोलीजवळच्या हर्णैच्या वाऱ्यात टिकेल की नाही, हे त्या गच्चीवर उभं राहून कळणार नव्हतं. त्याने समुद्राकाठी केलेलं आणि दोन पावसाळे काढलेलं एखादं काम दाखवा, असं मी म्हणायला हवं होतं. मी ते म्हटलं नाही.

तो आमच्याबरोबर गावी आला. बोलायला गोड, प्रत्येक वाक्यात ताई. खिशातून ओलावा मोजायचं छोटं यंत्र काढलं आणि त्याच्या दोन सुया फळीत टोचल्या. काट्यावर बत्तीस टक्के. "ताई, वीसच्या वर गेलं की लाकूड कुजायला लागतं. हे तर बत्तीस आहे." तो बोलला ते खोटं नव्हतं. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या आत ठेवावा, नाहीतर बुरशीचा धोका वाढतो, हे खरंच आहे. पण त्याने सुया टोचल्या त्या बरोबर टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली, जिथे फळी रोज भिजते. बाकी कुठेही मोजलं नाही, आणि मोजा असं मलाही सुचलं नाही.

मग त्याने अंदाजपत्रक दिलं. एकूण २८ फळ्यांपैकी १८ नव्या, बर्मा टीकच्या, सव्वा इंच जाडीच्या. खालच्या पाच तुळयांपैकी तीन बदलायच्या. स्क्रू सगळे स्टेनलेस स्टीलचे, ३१६ ग्रेडचे. वरून मरीन कोटिंगचे दोन हात. दहा वर्षांची गॅरंटी. हे सगळं त्याने व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं, आज तेवढाच एक आधार माझ्या हातात आहे. एकूण दोन लाख साठ हजार. त्यातले एक लाख साठ ऑनलाइन आणि एक लाख रोख. "पक्कं बिल घेतलंत तर वर अठरा टक्के जीएसटी लागेल ताई, उगाच कशाला?" मी हो म्हटलं. त्या एक लाखाची पावती माझ्याकडे नाही. ते दिल्याचं मी आज सिद्ध करू शकत नाही. बिल न घेऊन आपण पैसे वाचवत नाही, आपलाच पुरावा मिटवून टाकतो, हे मला फार उशिरा समजलं.

एप्रिल-मेमध्ये काम झालं. नाशिकहून तिथे जायला आठ-नऊ तास लागतात आणि मला शाळेच्या परीक्षांमुळे निघता आलं नाही. तो रोज फोटो पाठवायचा. नव्या फळ्यांचा गठ्ठा, रंधा मारताना उडणारा भुसा, मग चकाकणारा सज्जा. सगळे फोटो वरून काढलेले. खालचा एकही फोटो नव्हता, आणि हे माझ्या लक्षातही आलं नाही. मे अखेरीस आम्ही गेलो तेव्हा सज्जा खरोखर देखणा दिसत होता. एक गोष्ट वेगळी होती. सज्ज्याखालची मोकळी जागा त्याने तिन्ही बाजूंनी पट्ट्या मारून बंद केली होती. "हे माझ्याकडून ताई, पैसे नाही घेतले. खाली कुत्री बसतात, घाण दिसते." मला त्याचं कौतुक वाटलं. उरलेले पैसे मी तिथेच, त्याच संध्याकाळी दिले.

ऑगस्टमध्ये शेजारच्या काकांचा मुलगा आमच्या आवारातले पडलेले नारळ गोळा करायला आला होता. पावसाची सर आली म्हणून तो सज्ज्यावर चढला आणि भिंतीकडच्या कोपऱ्यात फळी मोडून त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पोटरीला अकरा टाके पडले. काकांचा फोन आला. आवाजात राग नव्हता. "ताई, तुमची फळी वरनं चकाचक आहे हो, पण आत काय नाय. तुमी येऊन बगा एकदा." दवाखान्याचा खर्च आम्ही दिला. पण तो भातलावणीनंतरच्या कामाचा हंगाम होता आणि त्या मुलाचा एक महिना घरात गेला.

ठेकेदाराला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, बघतो. दुसऱ्यांदा म्हणाला, समुद्रावर असं व्हायचंच, निसर्गापुढे कुणाचं चालतं? तिसऱ्यांदा म्हणाला, गॅरंटी कोटिंगची होती, लाकडाची नव्हती. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर मी जुन्या नाशकातल्या एका वयस्कर मिस्त्रींना बरोबर घेऊन गेले. वाड्यांची कामं करण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी वरच्या पॉलिशकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी त्या शोभेच्या पट्ट्या उखडल्या आणि बॅटरी घेऊन ते पोटावर सरपटत खाली गेले. पाच मिनिटांनी म्हणाले, "बाई, तुम्ही पण या. डोळ्यांनी बघा."

मी गेले. पाचही तुळया जुन्याच होत्या. त्यांना डांबर फासून काळं केलं होतं, म्हणजे नवं-जुनं ओळखू येऊ नये. भिंतीत शिरणाऱ्या टोकाला मिस्त्रींनी पटाशी लावली आणि हाताने नुसती दाबली. पातं दोन इंच आत गेलं, लोण्यात जावं तसं. बाहेर आला तो भुसा आणि फेव्हिकॉल कालवून केलेला लगदा. कुजलेल्या खळग्यात लांबी (पुट्टी) भरावी तसा भरलेला आणि वरून डांबर. लाकडाची टोकं सगळ्यात जास्त पाणी पितात, फळीची पाठ पिते त्याच्या कितीतरी पट, म्हणून कूज तिथून सुरू होते. तिथेच नवं लाकूड घालायचं असतं. आणि खालून वारा फिरला तरच लाकूड वाळतं. त्याने फुकट मारलेल्या पट्ट्यांनी तो वाराही बंद केला होता. आमच्या नजरेला आड करायचं म्हणून केलेल्या कामाने उरलेलं लाकूडही चार महिन्यांत ओलं झालं.

मग फळ्या काढायला घेतल्या. स्क्रू फिरवायला गेलं की डोकी तुटून हातात येत होती. लोहचुंबक लावला, खटकन चिकटला. घरात जिप्सम बोर्डाला मारतात ते काळे स्क्रू होते, साधे लोखंडी. एका पावसात गंजून निम्मे झालेले आणि भोवती लाकडावर काळे डाग. ३१६ च्या स्टीलमध्ये मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, खाऱ्या हवेत ते त्यामुळे टिकतं आणि महागही त्यामुळेच मिळतं. इथे एक सांगून ठेवते. चुंबकाने फक्त साधं लोखंड पकडता येतं. ३०४ (स्टेनलेस स्टीलचाच साधा, स्वस्त प्रकार) आणि ३१६ मधला फरक चुंबकाला कळत नाही, त्यासाठी स्क्रूचं खोकं आणि दुकानाचं बिल स्वतः पाहावं लागतं.

पाचवी की सहावी फळी मिस्त्रींनी उलटी करून माझ्यासमोर ठेवली. वरून गुळगुळीत, लालसर, नवीकोरी. खालची बाजू राखाडी, उन्हापावसाने खरखरीत झालेली. आणि तिच्यावर, बोटाच्या पेराएवढे, दोन गोल खळगे. शेजारच्या फळीवर तसेच आणखी दोन. मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसले. अंगठा लावून पाहिला. बाबांच्या आरामखुर्चीचे चार पाय अकरा वर्षं त्याच जागी टेकत होते.

त्याने जुन्याच फळ्या उलट्या केल्या होत्या. सावलीतली खालची बाजू वर घेतली, रंधा मारून उजळ केली, जुनी स्क्रूची भोकं लांबीने बुजवली आणि त्यावर अक्रोडी रंगाचा स्टेन. मी पैसे मोजले १८ नव्या फळ्यांचे. खरोखर नव्या निघाल्या पाच. त्यांतही कडेचा पांढरा भाग भरपूर होता, म्हणजे सागाचा गाभा नाही, सालीकडचं लाकूड, ज्याला कीड आणि कूज सगळ्यात आधी धरते. बर्मा टीक असल्याचा एकही कागद नाही. आफ्रिकेतून येणारा लागवडीचा साग बर्मा म्हणून सर्रास विकला जातो, असं मिस्त्री म्हणाले. आमच्या पाच फळ्या कुठल्या, ते छातीठोकपणे सांगायला तेही तयार झाले नाहीत. रंधा मारून मारून जुन्या फळ्यांची जाडी सव्वा इंचावरून पाऊण इंचावर आली होती. कोपऱ्यातली फळी त्या मुलाच्या वजनाने मोडली ती यामुळे. खाली तुळईचं टोक कुजलेलं आणि वर फळी पातळ केलेली.

वरच्या मरीन कोटिंगचे पापुद्रे निघत होते. मिस्त्रींच्या मते ते घरातल्या कपाटाला मारतात ते मेलामाइन पॉलिश होतं. उन्हाने असा थर तडकतो, भेगेतून पाणी आत शिरतं आणि थराखाली अडकून बसतं. उघड्यावरच्या लाकडाला आत मुरणारं तेल लागतं, आणि तेही दर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा. दहा वर्षांची गॅरंटी देणारा माणूस इथेच ओळखायला हवा होता. समुद्राकाठच्या उघड्या लाकडावर दहा वर्षं हात न लावता टिकेल असं पॉलिश नाही.

नाशिकला परत आल्यावर रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. ती स्वीकारली गेली, उत्तर आलं नाही. मला वाटलं होतं की काम रत्नागिरी जिल्ह्यात झालं म्हणजे तक्रारही तिकडेच करावी लागणार, आणि तिथे खेटे घालणं माझ्याच्याने झालं नसतं. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. मी नाशिकच्या आयोगात केली. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते, म्हणून चिडून गप्प बसू नका. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मी तिथूनच सुरुवात केली. फळ्या उघडताना भाच्याने सलग व्हिडिओ काढला होता, तारखेसकट, प्रत्येक फळी उलटताना. वकील म्हणाले, ते नसतं तर फार अवघड होतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी कॅमेरा सुरू करा आणि मगच पहिला स्क्रू काढा.

तक्रार अजून चालू आहे. सज्जा मिस्त्रींनी नव्याने केला. तुळया त्यांनी तिथल्याच जुन्या घरातून निघालेल्या सागाच्या घेतल्या, प्रत्येक टोकाला तेल पाजलं, फळ्यांमध्ये पाणी निथळायला फट ठेवली आणि खालची बाजू मोकळी सोडली. पैसे मी तीन हप्त्यांत दिले, आणि प्रत्येक हप्त्याआधी गावी जाऊन स्वतः बॅटरी घेऊन खाली शिरले. मिस्त्रींना त्याचा राग आला नाही. तेच म्हणायचे, "या बाई, बघून घ्या, मग पुढचं."

खुर्चीच्या खुणा असलेल्या दोन फळ्या मात्र तिथे नाहीत. पुरावा म्हणून त्या आमच्या नाशिकच्या घरी, गॅलरीत भिंतीला टेकून उभ्या आहेत, जुन्या चादरीत गुंडाळलेल्या. गाभा अजून शाबूत आहे, असं मिस्त्री म्हणाले. निकाल लागला की त्या परत गावी न्यायच्या आहेत, आणि या वेळी खुणा वर ठेवून बसवायच्या आहेत.