रॉबर्ट जॉन्सनचा 41 ध्वनिमुद्रणांचा संच: एकच गाणं दोनदा ऐकण्यासाठी

रॉबर्ट जॉन्सन हा अमेरिकन ब्लूज गायक आणि गिटारवादक. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने 1990 मध्ये काढलेल्या त्याच्या ‘द कम्प्लीट रेकॉर्डिंग्ज’ या संचात दोन सीडी आहेत. ध्वनिमुद्रणं 41, गाणी मात्र 29. बाकीचे त्याच गाण्यांचे दुसरे टेक, म्हणजे तेच गाणं पुन्हा गाऊन केलेली मुद्रणं. सगळं नोव्हेंबर 1936 मध्ये सॅन अँटोनिओला आणि जून 1937 मध्ये डॅलसला मुद्रित झालेलं.

एका गाण्याचे दोन्ही टेक लागोपाठ ठेवलेत. सलग ऐकणाऱ्याला ते जड जातं, पण गळा आणि हात कसे चालतात हे समजून घ्यायचं असेल तर संचाची खरी किंमत इथेच आहे.

‘कम ऑन इन माय किचन’ घ्या. पहिला टेक संथ आहे. जॉन्सन ओठ मिटून गुणगुणतो आणि स्लाइड (गिटारच्या तारांवर सरकवायची नळी) तीच चाल त्याच्याबरोबर ओढते. मध्येच तो गाणं थांबवून वाऱ्याबद्दल कुजबुजतो, तेव्हा गिटारही जवळजवळ श्वासाएवढी हळू होते. दुसरा टेक चढ्या लयीत आहे आणि त्यात हा एकांत उरत नाही. त्या काळी तबकडीवर आला तो मात्र दुसराच.

‘काइंड हार्टेड वुमन ब्लूज’मध्ये फॉल्सेटो ऐका. जाड, छातीतला आवाज एका झटक्यात वरच्या पातळ आवाजात जातो आणि तितक्याच सहज खाली उतरतो. नक्कल करणारे इथे जोर लावतात, त्यामुळे आवाज फाटतो. खरं तर वर जाताना हवेचा दाब कमी करायचा असतो. गंधारही नीट ऐका. तो कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो, आणि तोही स्थिर नसतो. पेटीवर तो शोधू नका. याच गाण्याच्या पहिल्या टेकमध्ये गिटारचा छोटा एकल तुकडा आहे. जॉन्सनच्या मुद्रणांत असा स्वतंत्र तुकडा दुसरीकडे नाही.

सोबत वाजवणाऱ्यांनी आधी पट्टी जुळवावी. ‘क्रॉस रोड ब्लूज’सारख्या स्लाइडच्या गाण्यांसाठी तारा जाड तारेपासून डी, जी, डी, जी, बी, डी अशा लावा आणि कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा) सरकवत मुद्रणाशी जुळवा. तरीही किंचित फरक राहिला तर तारा कमी-जास्त करा. स्लाइड पडद्याच्या बरोबर वर धरा, मागे नाही. दाबू नका, नाहीतर ती पडद्यांवर आपटून खडखडते. स्लाइडच्या मागच्या बोटांनी तारा हलक्या झाकल्या नाहीत तर नको ते स्वर घोंघावत राहतात. मात्रा मोजत बसलात तर मात्र चुकाल, कारण ब्लूजचा ठरलेला 12 मापांचा साचा जॉन्सन शब्दांप्रमाणे लांबवतो किंवा आखडता घेतो.

आवाजाच्या दर्जाबाबत अपेक्षा माफक ठेवा. जुन्या तबकड्यांची खरखर आहेच. ट्रेबल (आवाजातला उंच, तीक्ष्ण भाग) फार कापलं तर तिच्याबरोबर व्यंजनं आणि स्लाइडची धारही जाते, म्हणून थोडंच कमी करा. हेडफोन बरे.

पुस्तिकेत गाण्यांचे शब्द छापलेत, ते समोर ठेवूनच पहिली फेरी ऐका. फक्त ऐकण्यापुरतं हवं असेल तर 2011 चा शताब्दी संच घ्या: आवाज स्वच्छ, आणि नंतर सापडलेला एक टेक धरून ध्वनिमुद्रणं 42.