वंशावळ साइटचा रिव्ह्यू (तुटलेले नातेवाईक शोधायला कितपत उपयोगी?), ५ पैकी ३

आमच्या बेने इस्राएल (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) मंडळींपैकी बरेच जण ग्रुपवर विचारतात की इस्राएलमधले संपर्क तुटलेले नातेवाईक शोधायला ती पैसे भरून घ्यायची फॅमिली ट्री साइट घ्यावी का, तर मी वापरलीये म्हणून लिहिते. नाव टाकत नाही कारण खाली तक्रार पण आहे, तसंही या सगळ्या साइट साधारण एकाच पद्धतीने चालतात.

आधी डीएनए किटचं. घेऊ नका. एक तर इस्राएलमध्ये 2000 सालचा जेनेटिक इन्फर्मेशन कायदा आहे, त्यामुळे तिथे किट मागवून घरबसल्या टेस्ट करणं आपल्याला वाटतं तितकं सोपं नाही, म्हणजे ज्यांना शोधायचंय तेच लोक त्या डेटाबेसमध्ये फारसे नसणार. दुसरं म्हणजे कोकणात आपण पिढ्यान् पिढ्या आपसातच सोयरिकी केल्या, पेण अलिबाग पनवेल रेवदंडा फिरून फिरून तीच घरं, त्यामुळे लांबचा माणूस सुद्धा जवळचा चुलतभाऊ म्हणून दाखवतात.

"इंडिया रेकॉर्ड्स" म्हणून जे दाखवतात त्यात बरंचसं ब्रिटिशांच्या चर्चमधलं, बाप्तिस्म्याचं. आपल्याला काय करायचंय त्याचं? आपली माहिती सिनेगॉगच्या (प्रार्थनास्थळाच्या) वह्यांत, केतुबात म्हणजे लग्नाच्या करारपत्रात, आणि कबरीवरच्या हिब्रू-मराठी दगडांवर. ते फोटो काढून स्वतःच टाकावं लागतं.

मग ३ स्टार कशाला? कारण ट्री मॅच खरंच चालतं. आजोबा, पणजोबा आणि गावाचं नाव नीट भरलं की साइट स्वतःहून सांगते की हीच माणसं अजून कोणाच्या तरी ट्रीमध्ये आहेत. आम्हाला इस्राएलमधल्या डिमोना गावातली एक ट्री अशीच सापडली, माझ्या आजोबांच्या बहिणीच्या नातीची.

आता इथे थोडं घरचं सांगावं लागेल नाहीतर पुढचं कळणार नाही. आत्याआजी, म्हणजे आजोबांची ही बहीण, पन्नासच्या दशकात तिकडे गेली. 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बीनेटने (ज्यू धर्मगुरूंच्या सर्वोच्च संस्थेने) फतवा काढला की बेने इस्राएल माणसाचं दुसऱ्या समाजातल्या ज्यूशी लग्न लावायचं तर आधी आईची बाजू तपासा, आजी, पणजी, जितकं मागे जाता येईल तितकं. तिच्या मुलीचं लग्न तेव्हाच ठरलेलं. तिने भावाला लिहिलं की आपल्या आईबद्दल कागद करून पाठव. आणि आमच्या पणजीबद्दल गावात कुजबुज होती, काळे इस्राएल म्हणून. जुन्यांना माहीत आहे, गोरे इस्राएल काळ्यांच्या पंगतीला बसायचे नाहीत, सोयरीक तर लांबच, का तर म्हणे त्यांच्या मागच्या पिढ्यांत कुठेतरी आई बाहेरची, ज्यू नसलेली. आजोबांनी उलट टपाली कळवलं, माझ्या आईच्या जातीचा दाखला मी कोणाला देणार नाही. झालं, पत्रं बंद. पुढे लोक रस्त्यावर उतरले, 1964 मध्ये क्नेसेटने (तिथल्या संसदेने) ठराव करून सांगितलं की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, रब्बीनेटला ते शब्द मागे घ्यावे लागले, पण भावाबहिणीचं काही मिटलं नाही. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं, तपासणी काढणाऱ्यांना मात्र अजून माफ करवत नाही.

तर त्या ट्रीत आत्याआजीच्या आईच्या चौकटीत नावच नव्हतं. बाईचं राखाडी चित्र आणि खाली "अज्ञात". माझ्याकडे नाव पण होतं आणि नऊवारीतला फोटो पण.

साइट म्हणते बटण दाबा, तयार मेसेज जातो, "आपण नातेवाईक आहोत असं दिसतं" वगैरे. तो अजिबात पाठवू नका, कोणीतरी पैसे मागतंय असं वाटतं. स्वतः लिहा, छोटं लिहा, 1962 काढू नका, फोटो जोडा. शुक्रवारी संध्याकाळी पाठवू नका, शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) सुरू असतो. मी दारफाळणीच्या (योम किप्पूर, उपासाचा सण) दुसऱ्या दिवशी पाठवला, शिळ्या सणाला, पूर्वी त्या दिवशी लोक एकमेकांकडे भेटायला जायचे म्हणून. उत्तर यायला बराच वेळ गेला. आलं ते नातीचं नाही, तिच्या आईचं, हो, जिचं लग्न तेव्हा ठरलेलं त्याच मुलीचं, देवनागरीत, हाताने लिहून फोटो काढलेलं. नमस्कार नाही काही नाही, पहिलीच ओळ "तेव्हा कागद का नाही दिला?" मग खाली, फोटो मोठा करून पाठव. आता आईचं आणि त्यांचं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं, जास्त भांडणच होतं, पण चालतं.

तक्रार एक, फोटोत रंग भरायचं टूल. पणजीच्या फोटोवर चालवलं तर तिला चक्क गोरी करून दिली! म्हटलं घ्या, यांनी पण. ओरिजिनलच पाठवला. तक्रार दोन, फ्री ट्रायल संपायच्या आत रद्द केलं नाही तर वर्षाचे पैसे डॉलरमध्ये आपोआप कापतात आणि रद्द करायचं पान सापडता सापडत नाही. माझे परत मिळाले पण ईमेलवर ईमेल करून. मॅच मिळालं, नंबर मिळाला की लगेच बंद करा. भरलेली ट्री आमच्याकडे फुकट खात्यात तशीच राहिली.