तारेचा सायकल कॉम्प्युटर: आकडा खरा, पण परीघ बरोबर भरला तरच

पुढच्या फोर्कवर सेन्सर, स्पोकवर चुंबक, हँडलवर छोटी स्क्रीन. चाकाचा एक फेरा झाला की चुंबक सेन्सरसमोरून जातो आणि एक ठोका मोजला जातो. ठोके गुणिले परीघ म्हणजे अंतर, बस्स. जीपीएस नसल्यामुळे बोगद्यात किंवा दाट झाडीतही मोजणी अडत नाही.

खरी मेख सेटिंगमध्ये आहे. सोबतच्या तक्त्यात ७००×२५सी टायरला २१०५ मिमी दिलेत. रिमचा ६२२ मिमी व्यास, त्यात टायरच्या जाडीचे दोन्ही बाजूंचे २५-२५ मिमी, म्हणजे ६७२, त्याला ३.१४१६ ने गुणलं तर २१११ येतात. हा फरक किरकोळ. टायरवर लिहिलेले इंच मात्र दगा देतात. ‘२६ इंच’ वरून हिशेब केला तर २०७५ मिमी, पण २६×१.५० टायरचा परीघ साधारण १९८५च भरतो. २०७५ भरून १०० किमी चालवलीत तर स्क्रीन साडेचार किमी जास्त दाखवेल.

त्यापेक्षा सरळ मोजा. नेहमीइतकी हवा भरा. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह अगदी खाली आणून जमिनीवर खडूची खूण करा. सीटवर बसून, कुणाचा तरी आधार घेत, चाक सरळ रेषेत तीन फेरे पुढे न्या आणि व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी खूण. मधलं अंतर भागिले तीन. ६.३१५ मीटर आले तर २१०५ भरा. वजन न टाकता मोजलं तर टायर कमी दबतो आणि परीघ जास्त येतो. सेन्सर पुढे आणि मोजलं मागचं चाक, हा घोळही होतो. दोन्ही टायर वेगळ्या जाडीचे असले की तो अंगाशी येतो.

चुंबक आणि सेन्सरमध्ये ५ मिमीपेक्षा जास्त फट ठेवू नका. फट वाढली की ठोके गळतात: वेग मधेच शून्यावर येतो, अंतर कमी भरतं. इथेच या यंत्राची बांधणी कच्ची वाटते. चुंबकाचा स्क्रू खडबडीत रस्त्यावर सैल होऊन चुंबक स्पोकवरून घसरतो.

सेल बदलताना सेटिंग पुसलं जातं, त्यामुळे परीघाचा आकडा आणि एकूण किमी आधी लिहून ठेवा. परीघ नंतर सुधारला तरी जुने किमी आपोआप दुरुस्त होत नाहीत.

रोजच्या सायकलिंगला उत्तम. टायर सतत बदलणाऱ्यांनी दोन चाकांची सेटिंग साठवणारं मॉडेल घ्यावं.