बेसिल, सर हम्फ्री की देवळालीचा सार्जंट मेजर? जुन्या ब्रिटिश टीव्हीच्या एका संध्याकाळसाठी

शनिवारी संध्याकाळी पाच-सहा माणसं घरी यायची आहेत, जेवण दहाच्या आत उरकायचंय, आणि कुणीतरी म्हणालंय, "या वेळी जुनं ब्रिटिश काहीतरी लावू या." लावायचं काय? नाशिकला आमच्या घरी हा उद्योग चार-पाच वेळा झालाय आणि एकदा सपशेल फसलाय. त्यामुळे आता मी मालिकेआधी पाहुण्यांची यादी बघतो. यातल्या काही मालिका डोळ्यांनी हसवतात, काही कानांनी. फाडफाड इंग्रजीची सवय नसलेली दोन माणसं खोलीत असली, की कानांनी हसवणारी मालिका कितीही थोर असो, जागीच बसते.

डोळ्यांनी हसवण्यात 'फॉल्टी टॉवर्स'चा हात धरणारं कुणी नाही. एकूण भाग 12. सहा 1975 मधले, सहा 1979 मधले, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाचा. बस, संपलं. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या तेव्हाच्या नवरा-बायकोने ती लिहिली; दुसरे सहा भाग पडद्यावर येईपर्यंत त्यांचा घटस्फोट झालेला होता, तरी लिखाणाची वीण कुठे उसवलेली दिसत नाही. मालिका एका हॉटेलात घडते, आणि तिच्यामागचा मूळ किस्सा 1970 चा. क्लीझच्या 'माँटी पायथन' या विनोदी गटाची मंडळी इंग्लंडमधल्या टॉर्की गावातल्या एका हॉटेलात उतरली होती. तिथल्या मालकाने एरिक आयडलची बॅग, आत बॉम्ब असेल या संशयाने, उचलून बाहेर भिंतीपाशी नेऊन ठेवली. आत घड्याळ होतं. बाकीचे वैतागून दुसरीकडे गेले, क्लीझ तिथेच राहिला. असा माणूस रोज थोडाच बघायला मिळतो?

एकच भाग लावायचा असेल तर 'गूर्मे नाइट' लावा. खास पाहुण्यांची मेजवानी, आचारी पिऊन आडवा, म्हणून हॉटेलमालक बेसिल (हा क्लीझच) दुसऱ्या हॉटेलातून बदक आणायला धावतो आणि वाटेत गाडी बंद पडते. तो गाडीला आधी दम देतो, मग एक-दोन-तीन मोजतो, मग पडद्याबाहेर निघून जातो. क्षणभर रस्त्यावर फक्त गाडी. परत येतो तो झाडाची फांदी घेऊन, आणि तिला फोडून काढतो. यातलं एक वाक्य नाही कळलं तरी काही बिघडत नाही.

आमच्या आत्याला मात्र 'कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स' जास्त आवडला. त्यातली मिसेस रिचर्ड्स कानाचं मशीन बॅटरी संपेल म्हणून बंद ठेवते आणि सगळ्यांवर खेकसत राहते. बेसिल सूड म्हणून नुसतेच ओठ हलवतो. ती बिचारी मशीनचा आवाज वाढवत नेते आणि पूर्ण वाढवला की हा बोंबलतो. आत्या स्वतः मशीन लावते आणि बॅटरीच्या बाबतीत तीही तितकीच काटकसरी आहे. तिने तो प्रसंग तीनदा मागे घ्यायला लावला आणि मग म्हणाली, "मेला माझ्या सुनेसारखा बोलतोय." सून शेजारीच बसली होती.

'द जर्मन्स' हा भाग सर्वांत गाजलेला, पण तो लावण्याआधी एक सांगून ठेवतो. त्यात म्हातारा मेजर ओव्हलवरच्या भारताच्या क्रिकेट सामन्याची आठवण सांगताना आपल्या लोकांसाठी जो शब्द वापरतो, तो कानाला चांगलाच टोचतो. हसू मेजरच्या बुरसटलेपणावर आहे हे खरं, पण नव्या माणसाला ते लगेच उमजेलच असं नाही. मॅन्युएलचंही तसंच. बार्सिलोनाहून आलेला हा वेटर कायम मार खातो. स्पेनमध्ये मालिका डब झाली तेव्हा त्याला सरळ इटालियन करून टाकलं! आणि तो साकारणारा अँड्र्यू सॅक्स जन्माने बर्लिनचा, नाझींच्या तावडीतून लहानपणीच कुटुंबासह निसटून इंग्लंडला आलेला. हे माहीत असलं की त्या भागातला बेसिलचा जर्मनांसमोरचा धिंगाणा वेगळाच वाटतो.

आता फसलेल्या संध्याकाळकडे येतो. त्या दिवशी मी हौसेने 'येस मिनिस्टर' लावली होती. माणसं सात. दुसऱ्या भागाच्या मध्यावर दोघी स्वयंपाकघरात, एक जण फोनवर, एक झोपलेला. मालिका वाईट नव्हे, उलट यादीतली सर्वांत हुशार तीच. पण तिच्यात कुणी पडत नाही, आपटत नाही. तीन माणसं एका खोलीत बोलत राहतात. मंत्र्याचा सचिव सर हम्फ्री, त्याचं एकेक वाक्य म्हणजे तालुक्याच्या कचेरीतला लांबलचक व्हरांडा. शेवटच्या दारापाशी पोचेपर्यंत आपण कशासाठी आलो होतो तेच विसरायला होतं. नायजेल हॉथॉर्न ते एका दमात म्हणतो, आणि या भूमिकेने त्याला बाफ्टा हा मानाचा ब्रिटिश पुरस्कार चार वेळा मिळवून दिला. पण सबटायटल वाचेपर्यंत पुढचं वाक्य निम्मं संपलेलं असतं.

त्या सातांपैकी एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले काका तेवढे खुर्चीच्या टोकावर आले होते. भाग होता 1981 चा, 'द कम्पॅशनेट सोसायटी'. नवं कोरं इस्पितळ, पाचशेच्या आसपास कर्मचारी, सगळी खाती व्यवस्थित चालू, स्वच्छतेच्या पारितोषिकासाठी नाव पुढे. फक्त एकही रुग्ण नाही आणि डॉक्टरही नाही. मंत्री हॅकर हादरतो. काका हसले नाहीत. म्हणाले, "आधी पदं भरावीच लागतात. इस्पितळ चालवणारी ती बाई बरोबर बोलतेय." मग हम्फ्री बोलायला लागला, आणि तो काय उत्तर देणार हे काका सबटायटलच्या आधी मराठीत सांगायला लागले. बहुतेक वेळा बरोबर.

म्हणून 'येस मिनिस्टर' दोघा-तिघांसाठी ठेवा, त्यातला एक जण सरकारी नोकरीतला असला तर दुधात साखर. 1980 ते 1984 मधले 22 आणि पुढच्या 'येस प्राइम मिनिस्टर'चे 16, असा एकूण साठा आहे, त्यामुळे पुन्हा पुन्हा बसता येतं. मार्गारेट थॅचर यांना ही मालिका इतकी प्रिय, की 1984 मध्ये त्यांनी हॅकर आणि हम्फ्री साकारणाऱ्या दोन्ही नटांबरोबर एक छोटा प्रवेशही करून दाखवला. (नट फारसे खूश नव्हते म्हणतात, आणि त्यात नवल ते काय.) कुणाला इंग्रजी अजिबातच जमत नसेल तर फारूख शेख यांची 2001 ची 'जी मंत्रीजी' शोधा. तीच गोष्ट, दिल्लीच्या पाण्यात शिजवलेली.

घरात सत्तरीपुढची माणसं आणि शाळकरी नातवंडं दोन्ही असतील तर मी या दोन्ही सोडून 'डॅड्स आर्मी' लावीन. 1940, हिटलर खाडीपलीकडे, आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका काल्पनिक गावात बँकेचा मॅनेजर, त्याचा कारकून, खाटीक आणि शववाहिनीवाला मिळून देश वाचवायला निघालेत. कॅप्टनचं, म्हणजे या मॅनेजरचं, आडनाव लिहिताना मेनवारिंग, उच्चारताना मॅनरिंग; इंग्रजांनी स्पेलिंगचं काय केलंय ते देव जाणे. गंमत अशी की बँकेत आणि पलटणीत हा साहेब, पण त्याच्या हाताखालचा सार्जंट विल्सन बड्या घरातला, आणि हे साहेबाला पावलोपावली सलतं. आपल्याकडे असलं शल्य समजावून सांगावं लागत नाही. मवाळ म्हाताऱ्या गॉडफ्रीचं काम करणारे अर्नल्ड रिडली पहिल्या महायुद्धात सॉमच्या रणात खरोखरच लढलेले होते. भाग 80 आहेत. 1973 चा 'द डेडली अटॅचमेंट' लावा. पाणबुडीचा जर्मन कप्तान वहीत नावं टिपून घेतोय तिथे कुणालाही पाणी प्यायला उठू देऊ नका. वेग मात्र संथ आहे. तरुण मंडळी दहाव्या मिनिटाला चुळबुळ करतील.

नाशिककराला सुटत नाही अशी एक मालिका आहे, 'इट एन्ट हाफ हॉट मम'. ती सुरू होते आमच्या देवळालीत! 1945 सालची छावणी, आणि तोफखान्याच्या सैनिकांसाठी नाच-गाणी करणारी पलटण आणि तिचा सार्जंट मेजर. डेव्हिड क्रॉफ्टबरोबर ती आणि 'डॅड्स आर्मी' लिहिणारे जिमी पेरी स्वतः देवळालीच्या अशाच पथकात होते. देवळालीत जहाजाची वाट पाहत कंटाळून डोकं फिरलेल्या गोऱ्या शिपायांमुळे इंग्रजीत 'डूलॅली' हा शब्द आला. मूळ प्रयोग 'डूलॅली टॅप', आणि तो टॅप म्हणजे आपला ताप. इथपर्यंत ऊर भरून येतो. मग पडद्यावर देवळाली दिसते, आणि ती असते इंग्लंडमधलीच. त्यात रंगी राम हा बेअरर चेहऱ्याला तपकिरी रंग फासलेला गोरा नट. मायकल बेट्स झाशीत जन्मलेले, हिंदुस्तानी उत्तम बोलणारे, आणि कामही झकास करतात, पण नजर सारखी त्या रंगावर जाते. शेवटी तो एखादी 'जुनी हिंदू म्हण' सांगतो, जी नाशकात कुणीही ऐकलेली नाही. बीबीसी आता ही मालिका पुन्हा दाखवत नाही. डीव्हीडी मिळालीच तर एकट्याने एक भाग बघा, पाहुण्यांना घेऊन नको.

परदेशी लोकांच्या इंग्रजीच्या वर्गावरच्या 'माइंड युअर लँग्वेज'बद्दल थोडक्यात. आपल्याकडे ती सगळ्यांच्या तोंडी आहे, पंकज कपूर आणि शुभा खोटे यांच्या 'जबान संभाल के'मुळे तर जास्तच. एक भाग धमाल, दुसरा बरा, तिसऱ्यात तेच ते. पाहुणे जमेपर्यंत लावायला उत्तम.

एक तांत्रिक गोष्ट आधीच सांगून टाका, नाहीतर कुणीतरी रिमोट मागेलच. चित्र चौकोनी असणार आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणार. ते ताणून रुंद केलंत तर हम्फ्री लठ्ठ दिसेल. आणि घरातला प्रसंग संपून बाहेरचा आला की चित्राचा पोत एकदम बदलतो. आतलं शूटिंग व्हिडिओ टेपवर, बाहेरचं फिल्मवर होत असे, म्हणून.

येत्या शनिवारी आमच्याकडे नऊ जण आहेत. सातला 'माइंड युअर लँग्वेज', साडेसातला 'गूर्मे नाइट', आठला आत्याचा भाग, मग पिठलं-भाकरी. पाहुणे गेल्यावर काका थांबणार आहेत. त्यांच्यासाठी सर हम्फ्रीचे दोन भाग वेगळे काढून ठेवलेत.