पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली काय?

माझे २,८०० डॉलर एका जुन्या ट्रॅक्टरच्या रंगावर गेले. इंजिनावर गेले असते तर एवढं लागलं नसतं, कारण मी स्वतः इंजिनातला माणूस. वडिलांचं पलूसला ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेतून आलो की पिस्टन रॉकेलमध्ये घासायला बसायचं, हा माझा गृहपाठ. पुढे पुणे आणि मग इंडियाना राज्यातलं कोलंबस, नोकरीही इंजिनांचीच. तरीही फसलो. कसा फसलो ते जरा तपशिलात सांगतो, कारण जुने ट्रॅक्टर घेऊन उभे करण्याचा हा छंद आपल्या इकडच्या मंडळींत वाढतो आहे. दोघा-तिघांनी मला "जुना गार्डन ट्रॅक्टर घ्यायचाय, बघून दे" असं सांगितलंय.

गार्डन ट्रॅक्टर म्हणजे काय, हे गावाकडच्या लोकांना आधी समजावून सांगावं लागतं. हा शेतातला ट्रॅक्टर नव्हे आणि हल्लीचं पत्र्याचं गवत कापायचं यंत्रही नव्हे. जाड लोखंडी चासी, बिडाचा गिअरबॉक्स, ८ ते १४ हॉर्सपॉवरचं एका सिलिंडरचं इंजिन. त्याला गवत कापायचं डेक लावा, बर्फ ढकलायचं पातं लावा, छोटा नांगर लावा. एल्मर पाँड यांनी १९४६ साली इंडियानातच, साउथ बेंडला जो कारखाना सुरू केला, त्यातून पुढे व्हील हॉर्स हे नाव झालं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेट आणला आणि १९६३ साली जॉन डिअरने विस्कॉन्सिनमधल्या हॉरिकनच्या कारखान्यातून ११० हे मॉडेल काढलं. साठ वर्षांपूर्वीची ही यंत्रं आजही चालतात. पान्याने उघडतात, पान्याने बसतात, आत एकही चिप नाही. माझ्यासारख्याला आणखी काय हवं?

पहिला व्हील हॉर्स सी-१२० मी दोन हिवाळे गॅरेजमध्ये घालवून उभा केला. तो चालू झाला आणि डोक्यात हवा गेली. मग पॅटिओची गोष्ट वाचली.

१९६९ च्या सुमारास जॉन डिअरला वाटलं, उपनगरातल्या घरवाल्यांना प्रत्येक वेळी हिरवा-पिवळाच ट्रॅक्टर कशाला? म्हणून त्यांनी 'पॅटिओ' नावाने पांढऱ्या अंगाचे गार्डन ट्रॅक्टर काढले. बॉनेट आणि सीट मात्र रंगीत, चारांतला एक रंग निवडायचा: लाल, नारिंगी, पिवळा किंवा निळा. लोकांनी तोंड फिरवलं. जॉन डिअर म्हणजे हिरवा, हे गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. दुकानात पडून राहिलेले कित्येक ट्रॅक्टर विक्रेत्यांनीच हिरवे रंगवून खपवले. दोन-तीन वर्षांत प्रकरण आटोपलं. त्या वेळी कुणी विचारत नव्हतं, म्हणूनच आज शौकीन त्यांच्यामागे धावतात.

विक्रेत्यांनी हिरवे रंगवून खपवले, ही बाब ध्यानात ठेवा. माझ्या फसवणुकीची सगळी इमारत या एका खऱ्या गोष्टीवर उभी होती.

गेल्या वर्षी मार्चमध्ये जाहिरात दिसली. जॉन डिअर ११०, पांढरा शुभ्र, नारिंगी बॉनेट, नारिंगी सीट. ठिकाण ओहायोच्या पश्चिम भागात, माझ्यापासून अडीच तासांवर. फोन केला. माणूस गोड बोलणारा, साठीचा असावा. ट्रॅक्टर त्याच्या काकांचा. विक्रेत्याकडे पांढरा खपत नव्हता म्हणून हिरवा करून काकांना स्वस्तात दिलेला. काका गेल्यावर याने तो मूळ रंगात आणला. इंजिन नवीन बांधलंय, बोअरिंग करून, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून मोठा कापून, ओव्हरसाइज पिस्टन टाकलाय. मी न विचारता त्याने रंगवण्याआधीचे फोटोही पाठवले. त्यात हिरवागार ट्रॅक्टर. मी म्हटलं, किती प्रामाणिक माणूस! आता आठवलं की हसू येतं. फोटो खरेच होते. ट्रॅक्टर हिरवाच होता.

मग नेहमीचा दाब आला. "केंटकीहून एक जण उद्या सकाळी रोख घेऊन येतोय. तुम्ही ३०० डॉलर आत्ता पाठवलेत तर त्याला नाही सांगतो." पाठवले. ते ३०० डॉलर गेले की माणूस ट्रॅक्टर बघायला जात नाही, घ्यायला जातो. विसार दिला की डोळ्यांवर पट्टी बांधली जाते आणि ती आपणच बांधतो.

निघायच्या आदल्या रात्री आप्पांना, म्हणजे वडिलांना, फोटो पाठवले होते. वय ७८, पण नजर अजून दुकानातलीच. व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "नटावर बी रंग हाय की रं. खोलून रंगवल्यालं न्हाई हे."

"आप्पा, अमेरिकेत रंगकाम वेगळं असतं," मी म्हणालो.

"रंगकाम येगळं आसंल. नट तर नटच न्हवं?"

मी विषय बदलला. दिवाळीनंतर दुकानात सेकंडहँड इंजिनं विकायला येत, त्या वेळची त्यांची सवय मला माहीत होती. ताज्या रंगाचं इंजिन आलं की ते आधी पाना लावायचे आणि बोल्टच्या कडेचा रंग तडकतो का ते बघायचे. बोल्ट आणि पत्रा यांच्यावर एकच सलग रंग असेल तर यंत्र न उघडताच वरून फवारा मारलेला असतो. हे मी दहा वर्षांचा असताना शिकलो होतो, आणि चाळिशी ओलांडल्यावर विसरलो.

ओहायोला पोचलो तेव्हा ट्रॅक्टर कोठाराबाहेर उन्हात उभा होता. इंजिनाला हात लावला तर कोमट. "तुमच्यासाठी जरा फिरवून ठेवला," तो म्हणाला. जुनं इंजिन विकणारा ते आधीच गरम करून ठेवत असेल तर त्याला गार इंजिनाची भीती असते. गार इंजिनाला चालू व्हायला किती वेळ लागतो, पहिला धूर कसला निघतो, यातच निम्मी पत्रिका कळते. तेव्हा मात्र मी त्या नारिंगी बॉनेटकडेच बघत होतो. इंजिन एका झटक्यात चालू झालं, धूर नाही. वेग कमी-जास्त करायचा व्हेरिएटरचा दांडा मऊ चालत होता. पैसे दिले. त्याने हाताने पावती लिहिली: जॉन डिअर ११०, पांढरा, आहे त्या स्थितीत. खाली सही.

मे महिन्यात पहिल्यांदा ऑइल बदललं. या ट्रॅक्टरांतल्या कोहलर कंपनीच्या इंजिनांना उन्हाळ्यात साधं ३० नंबरचं ऑइल लागतं. चेंबरमधून निघालं ते काकवीसारखं. धार तुटेना. धूर दाबायचा हा जुना उपाय आहे: घट्ट करणारं रसायन ऑइलमध्ये ओतायचं, महिना-दीड महिना इंजिन शहाण्यासारखं वागतं. नवं ऑइल घातल्यावर पाच मिनिटांत गॅरेज निळं झालं आणि बायकोने आतून दार लावून घेतलं.

हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, उघडलं. बोल्टवरचा रंग फुटून निघाला, म्हणजे रंग दिल्यापासून हेड कुणी उघडलंच नव्हतं. ते चालतं, आधी इंजिन बांधून मग रंगवता येतं. पण ओव्हरसाइज पिस्टनच्या डोक्यावर तसा आकडा ठोकलेला असतो. इथे कार्बनचा जाड थर खरवडला तरी खाली आकडा नाही. पिस्टन मूळ मापाचा, सिलिंडर झिजून वर कड आलेली. कुणी म्हणेल, कॉम्प्रेशन का नाही तपासलं? ही इंजिनं सहज चालू व्हावीत म्हणून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवरच कॉम्प्रेशन थोडं सोडायची सोय असते. त्यामुळे साध्या गेजवरचा आकडा फसवतो. सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून ती कुठून गळते ते बघावं लागतं. मला हे माहीत होतं. फक्त त्या दिवशी यंत्र बरोबर नेलं नव्हतं.

इथवर मी फक्त चिडलो होतो. इंजिन काय, बांधता येतं. पॅटिओ तर खरा आहे ना!

त्याच सुमारास मागचा टायर बदलला. जुना टायर रिमवरून उतरवला, तर त्याची कड जिथे बसते त्या आतल्या खोबणीत पिवळा रंग. स्वच्छ, जुना, जॉन डिअरचा पिवळा. मी तो पाहिला, कापडाने पुसला आणि नवा टायर चढवला. मनात म्हटलं, विक्रेत्याने हिरवा-पिवळा केला होता, त्याचा असेल. मडगार्डखाली वेल्डिंगसाठी रंग खरवडला, तिथे पांढऱ्याखाली हिरवा निघाला. पुन्हा तेच उत्तर. त्या माणसाने गोष्टच अशी रचली होती की तिच्याविरुद्धचा प्रत्येक पुरावा तिच्याच बाजूने साक्ष देई. त्याची कारागिरी रंगात नव्हती, या गोष्टीत होती. तेवढ्यापुरती दाद मी आजही देतो.

ऑगस्टमध्ये पोर्टलँडला गेलो. ओरेगनचं नव्हे, आमच्या इंडियानातलं. तिथे दरवर्षी ऑगस्टअखेर जुनी इंजिनं आणि ट्रॅक्टर यांचं प्रदर्शन भरतं. आपल्याकडच्या जत्रेसारखंच, फक्त देवाच्या जागी इंजिनं. तिथे एक म्हातारे गृहस्थ दोन खरे पॅटिओ घेऊन बसले होते. मी हौसेने फोनवर माझा दाखवला. सगळी हकिगत सांगितली, काका, विक्रेता, हिरवा रंग. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "हिरव्याखाली काय आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी बोटांवर थर मोजून दाखवले. खरा पॅटिओ नंतर हिरवा केला असेल तर प्रायमर, त्यावर कारखान्याचा पांढरा, त्यावर विक्रेत्याचा हिरवा. वर पुन्हा पांढरा दिला असला तरी हिरव्याच्या खाली पांढरा सापडलाच पाहिजे. "आणि रिम?" त्यांनी विचारलं. मी टायरखालच्या पिवळ्याचं सांगितलं. ते माझ्याकडे जरा कीव येऊन बघत राहिले. दुकानदार घाईघाईत रंग मारतो, त्यासाठी चारी टायर उतरवत बसत नाही. टायरच्या कडेखाली जो रंग लागतो तो टायर चढण्याआधी लागलेला असतो. बहुतेक वेळा कारखान्यातच.

परत येताना अडीच तास गाडीत रेडिओ लावला नाही.

रात्रीच गॅरेजमध्ये बसलो. आधी खरखरीत, मग बारीक वॉटर पेपर घेऊन गोल गोल घासत गेलं की प्रत्येक थराची एकेक कडी दिसते, झाडाच्या खोडात दिसतात तशी. मडगार्डवर पांढरा, हिरवा, प्रायमर, लोखंड. हिरव्याखाली पांढऱ्याचा मागमूस नाही. बॅटरीमागे तेच. स्टिअरिंगच्या खांबाच्या आत तेच. बॉनेटच्या आतल्या बाजूला नारिंगी, त्याखाली लांबी भरलेली, त्याखाली हिरवा. शेवटी सीटच्या कव्हरच्या पिना उपसल्या. खाली पिवळं रेक्झिन, मूळ शिवणीसकट. जॉन डिअरचा साधा, हिरवा, भला ११०. तसा चालू स्थितीतला इथे मला सहाशे-सातशेला मिळाला असता.

त्याला फोन लावला. पहिल्यांदा उचलला, "काका असंच सांगायचे," म्हणाला. दुसऱ्यांदा उचलला नाही. तिसऱ्यांदा नंबर बंद. ओहायोत ६,००० डॉलरपर्यंतचे दावे स्मॉल क्लेम्स कोर्टात वकिलाशिवाय लावता येतात, म्हणून कागद काढून बसलो. तेव्हा त्याची हुशारी नीट दिसली. जाहिरातीचा एक स्क्रीनशॉट माझ्याकडे होता. त्यात 'मूळ पॅटिओ' असं कुठेच नव्हतं. 'पॅटिओच्या रंगांत' असं होतं. ते तर खरंच आहे! पावतीवर 'पांढरा'. तेही खरं. काका, विक्रेता, ओव्हरसाइज पिस्टन हे सगळं तोंडी. मी एक ओळ जरी मेसेजमध्ये विचारून घेतली असती, "हा कारखान्यातूनच पॅटिओ म्हणून निघालाय ना, आणि इंजिन कुणी बांधलं, पावती आहे का", तर एक तर खोटं लेखी मिळालं असतं किंवा तो तिथेच गप्प झाला असता. दावा लावला नाही. ओहायोला तीन-चार फेऱ्या, रजा, आणि हातात हा कागद.

आप्पांना सांगितलं. मला वाटलं, बोलतील. ते म्हणाले, "बोअरिंग किती थौवर काढतुयास?" थौ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मी म्हटलं, दहावर. "बीड हाय न्हवं? मग वीसवर काढ एकदाच, कड ऱ्हायला नगो." आणि फोन आईकडे दिला.

इंजिन मी हिवाळ्यात बांधलं, वीसवर. आता धूर नाही, ऑइल ३० नंबरचं. रंग मात्र तसाच ठेवलाय. पुन्हा हिरवा करायचा तर सगळा ट्रॅक्टर खोलावा लागेल आणि तेवढा उत्साह उरलेला नाही. शिवाय मुलीला नारिंगी आवडतो. मडगार्डवर जिथे थर घासले होते तिथे मात्र रंग भरला नाही. तळहाताएवढी ती चकती, पांढरा, हिरवा, प्रायमर, लोखंड, तशीच ठेवून वरून पारदर्शक लॅकर मारलं.

मागच्या महिन्यात टेनेसीहून एकाचा मेसेज आला. कुठल्याशा फोटोत त्याने ट्रॅक्टर पाहिला होता. २,५०० देतो म्हणाला, उद्याच ट्रेलर घेऊन येतो, फक्त पॅटिओ खरा आहे ना एवढं सांगा. मी त्याला त्या चकतीचा फोटो पाठवला. अजून उत्तर आलेलं नाही.