चालती गाडी बंद पडण्याचे कारण आणि साडेनऊशे रुपयांचा स्कॅनर : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवर दाखवणारे छोटे यंत्र, मी मार्चमध्ये ९५० रुपयांना घेतला. हौस म्हणून नव्हे; माझ्या २०१४ सालच्या पेट्रोल हॅचबॅकचे इंजिन चालता चालता बंद पडू लागले होते आणि दोन गॅरेजांत मिळून साडेसात हजार रुपये घालवूनही ते बंद पडतच होते, म्हणून घेतला.

पहिल्यांदा ते झाले फेब्रुवारीत, साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या चढणीवर. धक्का नाही, खोकल्यासारखा आवाज नाही, चेक इंजिनचा दिवाही आधी लागलेला नाही. पंखा बंद करावा तसे इंजिन गप्प झाले. अशा वेळी ब्रेक बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागात) उरलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदाच ब्रेक नेहमीसारखा लागतो, त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते आणि स्टेअरिंगही जड होते, त्यामुळे ब्रेक पुन्हापुन्हा न मारता एकदाच दाबून धरावा, हे मला त्या दिवशी नशिबाने आठवले. कडेला घेऊन सेल्फ मारला, तर इंजिन फिरत होते पण पकडत नव्हते. वीस मिनिटांनी मात्र काहीच न घडल्यासारखे ते सुरू झाले.

पहिल्या गॅरेजने स्पार्क प्लग बदलून थ्रॉटल बॉडी साफ केली. दुसऱ्याने फ्युएल पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा स्विच) बदलला आणि पुन्हा बंद पडल्यास पंपच बदलू असे सांगितले. त्यांच्याकडे नेईपर्यंत गाडी थंड होऊन व्यवस्थित चालत असे, त्यामुळे त्यांच्या अंदाजांना मी फारसा दोष देत नाही. मात्र एकाने ‘रिसेट’ म्हणून बॅटरीची तार काढून ठेवली, हे मला आजही खटकते, कारण ईसीएममध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, काही नोंद झाली असेल तर ती त्याच क्षणी पुसली गेली.

स्कॅनर स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो, १२३४ हा आकडा टाकला की फोनशी जोडला जातो, आणि ॲपमध्ये आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे), वेग, कूलंटचे तापमान व फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) यांची नोंद सतत साठवता येते. फॉल्ट कोड वाचता येतात म्हणून बहुतेक जण तो घेतात. मला उपयोग झाला तो या साठवलेल्या नोंदीचा.

मार्चच्या अखेरीस, दुपारच्या उन्हात, खेड शिवापूरच्या पुढे सपाट रस्त्यावर गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. मी तिसऱ्या गिअरमध्ये होतो आणि क्लचवर पाय ठेवलेला नव्हता. घरी येऊन नोंद उघडली, तेव्हा एका ओळीत वेग ५८ आणि आरपीएम २४०० होते. पुढच्याच ओळीत वेग ५७ आणि आरपीएम शून्य. त्यानंतर ५४ आणि शून्य. मी त्या तीन ओळी कितीतरी वेळ पाहत बसलो. गाडी गिअरमध्ये असताना चाके इंजिनाला फिरवतच असतात, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरने धावणाऱ्या गाडीचे इंजिन शून्यावर असूच शकत नाही. इंजिन फिरत होते. ते फिरत आहे हे ईसीएमला कळत नव्हते, आणि ज्याला इंजिन थांबलेले वाटते तो इंजेक्टर व स्पार्क दोन्ही बंद करतो. पंप दमला असता तर आरपीएम वेगाबरोबर हळूहळू उतरला असता आणि त्याआधी फ्युएल ट्रिम वर चढत गेला असता; माझ्याकडे तो शेवटपर्यंत +३ टक्क्यांच्या आतच होता. संशय एकट्या क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरवर, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा फिरतो आहे हे ईसीएमला कळवणाऱ्या सेन्सरवर, आला.

कोड मात्र तेव्हाही नव्हता. बऱ्याच गाड्यांत क्रँकचा सिग्नल गेला की ईसीएम इंजिन बंद झाले असे धरून चालतो; सेल्फ मारताना कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) सिग्नल येतो आणि क्रँकचा येत नाही, तेव्हा कुठे त्याला विसंगती जाणवते. म्हणून पुढच्या खेपेला गाडी गरम असतानाच सलग पाच-सहा सेकंद सेल्फ मारला आणि ‘पेंडिंग’ (अजून पक्के न झालेले कोड) या सदरात पी०३३५ उमटला. हा कोड ‘सेन्सर बदला’ असे सांगत नाही, सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे एवढेच सांगतो, त्यामुळे आधी कनेक्टर आणि तार तपासली; दोन्ही ठीक होती.

सेन्सर दोन तारांचा, म्हणजे आत साधी कॉइल असलेला होता. तो काढून मल्टिमीटर लावला तेव्हा ८६० ओहम दिसले. मग बायकोचा हेअर ड्रायर त्यावर धरला (ती परवानगी नंतर घेतली). चौथ्या मिनिटाला आकडे थरथरले आणि वाचन एकदम ‘ओपन’वर (म्हणजे सर्किट तुटल्यावर) गेले, टेबलावर पंधरा मिनिटे ठेवल्यावर पुन्हा ८६० च्या आसपास आले. गरम झाली की आतली तार कुठेतरी तुटक होते, निवली की जुळते. गाडीची वीस मिनिटांची विश्रांती हीच होती. नवा सेन्सर १,६५० रुपयांना मिळाला आणि एप्रिलपासून अकरा हजार किलोमीटरमध्ये, ऐन मे महिन्यातही, इंजिन एकदाही बंद पडलेले नाही.

आता स्कॅनरच्या उणिवा. तीन-चारपेक्षा जास्त गोष्टी एकाच वेळी नोंदवू पाहिल्या तर ओळींमधले अंतर दोन सेकंदांवर जाते, आणि क्षणभरासाठी तुटणारा सिग्नल त्या फटीतून निसटतो. एबीएस आणि एअरबॅगचे कोड माझ्या गाडीत तो वाचत नाही. जूनमध्ये सॉकेटमध्येच विसरलो, तर नऊ दिवस उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरली. शिवाय तो नेमका गुडघ्याला लागतो. माझा नमुना जुन्या ब्लूटूथचा असल्याने आयफोनशी जोडला जात नाही, हे घेण्याआधी पाहावे.

ॲपमध्ये कोड पुसण्याचे बटण फार ठळक दिले आहे, आणि हीच माझी मोठी तक्रार आहे. ते दाबले की कोडबरोबर त्या क्षणीचा वेग, तापमान आणि आरपीएम जपणारी ‘फ्रीज फ्रेम’ही जाते. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी दिवा विझावा म्हणून ते दोनदा दाबले आणि मग गाडी माझ्याकडे आणली. आता दिवा पुन्हा लागण्याची आम्ही दोघेही वाट पाहत आहोत.